व्हेरोना बघताना अदिजेचा काठ सोडू नका

तुमचा प्रश्न असा: व्हेनिसहून मिलानला जाताना व्हेरोनात दोन रात्री मुक्काम आहे. अरेना (रोमन काळातले उघडे लंबगोल प्रेक्षागृह) आणि ज्युलिएटचे घर सगळेच बघतात, पण शहराचा इतिहास आणि तिथले बांधकाम यांचा मेळ लागेल असे काय बघावे? आणि त्यालाच जोडून दुसरा प्रश्न: दोन हजार वर्षांचे हे शहर फोटोंत इतके धडधाकट दिसते, ते सगळे खरोखर जुने आहे का?

आधी दुसरा प्रश्न घेतो. तो सुटला की पहिल्याचे उत्तर सोपे होते. जुन्या दगडी इमारतींचे जतन हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे कुठेही गेलो की भिंतीच्या सांध्यांकडे आधी नजर जाते. व्हेरोनाचे सांधे बघितले की कळते, दगड जुने आहेत यात वाद नाही, पण आज ते जिथे बसलेत तिथे त्यातले कितीतरी दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा बसवलेले आहेत. आपल्याकडे जुना वाडा उतरवला की त्याची चौकट आणि तुळया नव्या घरात लागतात, तसाच हा व्यवहार, फक्त अख्ख्या शहराच्या मापाचा. पूर आला, भूकंप झाला, सत्ता बदलली, सुरुंग लागले. प्रत्येक वेळी पडलेले उचलून पुन्हा लावले गेले. आणि या उलाढालीमागे बहुतेक वेळा अदिजे नदी आहे. म्हणून नदी धरून चाला.

अदिजे म्हणजे पो नदीनंतर इटलीतली दुसरी लांब नदी, सुमारे ४१० किलोमीटर. आल्प्समध्ये रेशिया खिंडीजवळ उगम पावते, बोल्झानो आणि त्रेंतोच्या खोऱ्यातून खाली येते आणि व्हेरोनाशी डोंगर सोडून मैदानात शिरते. डोंगरातला सगळा वेग तिच्या अंगात असतो. इथे ती दोन मोठी वळणे घेते आणि त्यातल्या एका वळणाच्या पोटात, उजव्या काठावर, रोमन शहर बसले. बऱ्याच बाजूंनी वाहते पाणी, तट घालायचा तो फक्त दक्षिण-पश्चिमेच्या उघड्या बाजूला. लष्करी डोके असलेल्या माणसाने जागा निवडली तर हीच निवडेल.

त्याआधीची वस्ती मात्र समोर, डाव्या काठावरच्या सान पिएत्रो टेकडीवर होती. म्हणून माझा पहिला सल्ला, सामान टाकले की संध्याकाळी थेट या टेकडीवर जा. पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर छोटी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी, गाडीही आहे. वरून नदीचे वळण, पूल, घंटाघरांचे मनोरे आणि त्यांच्यामधून गेलेले सरळ रस्ते एका नजरेत येतात. नकाशा वाचून जे समजायला तासभर लागेल ते इथे पाच मिनिटांत डोक्यात बसते.

सरळ रस्त्यांकडे नीट बघा. इ. स. पू. १४८ मध्ये रोमन कॉन्सल स्पुरिउस पोस्तुमिउस आल्बिनुस याने जेनोआपासून आक्विलेइयापर्यंत रस्ता काढला, व्हिया पोस्तुमिया. पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत उत्तर इटली ओलांडणारा हा रस्ता व्हेरोनाला अदिजे पार करतो. उत्तरेला आल्प्सच्या खिंडींकडे जाणारे खोरेही इथूनच उघडते. इ. स. पू. ४९ मध्ये गावाला पूर्ण रोमन नगराचा दर्जा मिळाला आणि वळणाच्या पोटात चौकटी-चौकटींचे नवे शहर आखले गेले. आजचे कोर्सो पोर्ता बोर्सारी आणि कोर्सो सांतानास्तासिया हे दोन रस्ते एका ओळीत येतात, कारण तो एकच रोमन रस्ता आहे. आजचा पियात्सा देल्ले एर्बे, म्हणजे भाजीबाजाराचा चौक, हा रोमन फोरम, म्हणजे तेव्हाच्या नगराचा मुख्य चौक. चौक लांबुळका आहे तो त्यामुळेच. रोमन जमीन आजच्या फरशीच्या बरीच खाली गेली आहे. पुराचा गाळ आणि पाडापाडीचा मलबा यांनी शहर हळूहळू वर चढले. पोर्ता लेओनी या वेशीपाशी रस्त्यातच खड्डा उघडा ठेवला आहे, त्यात डोकावलात की जुनी पातळी दिसते. त्याच वेशीची उरलेली अर्धी बाजू बघा. मागे विटांची जुनी वेस आणि तिच्या अंगावर नंतर चढवलेली पांढऱ्या दगडाची सजावट. रोमनांनाही जुने न पाडता त्यावर नवा अंगरखा घालणे परवडत होते.

पोर्ता बोर्सारी ही दुसरी वेस पूर्ण उंचीची उभी आहे. खाली दोन दारे, वर खिडक्यांच्या दोन ओळी. वेशीची दर्शनी बाजू इसवी सनाच्या पहिल्या शतकातली, पण दारांच्या वरच्या पट्टीवरचा लेख २६५ सालचा, सम्राट गॅलिएनसचा. उत्तरेकडून टोळ्यांचे हल्ले वाढले तेव्हा त्याने तट घालून घेतला आणि काम ३ एप्रिलला सुरू होऊन ४ डिसेंबरला पूर्ण झाले, असे त्यात कोरले आहे. आठ महिन्यांत शहराचा तट! दगड खाणीतून काढून, घडवून, आणून हे जमत नाही. जे हाताशी होते ते उचलले, जुन्या इमारतींचे घडीव चिरेसुद्धा. या तटाचा एक तुकडा अरेनाच्या मागच्या चौकात अजून आहे. त्यात नक्षीचे दगड उलटसुलट बसलेले दिसतात. व्हेरोनाची सवय इथपासूनची.

अरेना त्या तटात घ्यावीच लागली. ती पहिल्या शतकात गावकुसाबाहेर बांधलेली, आणि इतकी उंच की शत्रूने ती काबीज केली तर शहरावर वरूनच मारा करता आला असता. गॅलिएनसने तट वळवून तिला आत घेतले. मूळच्या बाहेरच्या कड्यात ७२ कमानी होत्या, तीन मजल्यांच्या. आज त्यातल्या फक्त चार कमानींचा तुकडा उभा आहे, त्याला गावकरी 'आला', म्हणजे पंख, म्हणतात. ३ जानेवारी १११७ या तारखेचा भूकंप उत्तर इटलीला फार महागात पडला आणि बाहेरच्या कड्याच्या विनाशात त्याचा मोठा वाटा धरला जातो. पडलेले दगड शहरात जिरले. आपण आज जी 'अरेनाची भिंत' म्हणून बघतो ती मुळात आतली भिंत, तिच्यावर अंगरखा होता तो गेला. म्हणून ती इतकी रांगडी दिसते. आला जवळून बघा, मग मूळ इमारत कशी असेल याचा अंदाज येतो. १० ऑगस्ट १९१३ ला संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त इथे त्याचा 'आइडा' हा ऑपेरा झाला आणि उन्हाळी ऑपेराची परंपरा सुरू झाली. दगडी पायऱ्यांवर बसायचे असेल तर गादी घेऊन जा, भाड्याने मिळते.

दगडाबद्दल थोडे. अरेनाचा आणि शहरातल्या बहुतेक पदपथांचा गुलाबी-लाल दगड म्हणजे 'रोस्सो आम्मोनितिको', जवळच्या व्हाल्पोलिचेल्लाच्या डोंगरातला चुनखडक. हा जुरासिक काळात समुद्राच्या तळाशी साचलेला आहे आणि त्यात अमोनाइट नावाच्या गोगलगाईसारख्या वेटोळ्या प्राण्यांचे जीवाश्म असतात. रस्त्यावर चालताना पायाखाली बघा. फरशीच्या कापात ताटलीएवढी चक्री सापडते. पाऊस पडून गेल्यावर त्या जास्त उठून दिसतात. पर्यटक वर बघत चालतात आणि हे चुकवतात. याच्या जोडीला पिवळट तुफा आणि लाल वीट. व्हेरोनाच्या रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या शैलीतल्या, देवळांवर (चर्चला मी देऊळच म्हणतो, माफ करा) जे आडवे पट्टे दिसतात ते या दोघांचे. तुफा मऊ, कापायला सोपा, वीट स्वस्त. दोन्ही आलटून पालटून लावली की भिंत समपातळीत राहते आणि दिसतेही छान.

हे सगळ्यात सुंदर दिसते सान झेनो या देवळात. गावाच्या मध्यापासून पंचवीसएक मिनिटे चालावे लागते, त्यामुळे घाईचे पर्यटक इथे येत नाहीत. तुम्ही जा. झेनो हा व्हेरोनाचा संत, आफ्रिकेतून आलेला बिशप. ५८९ सालच्या पुराची एक कथा पोप ग्रेगरी आणि पॉल द डीकन या दोघांनी लिहून ठेवली आहे: अदिजेचे पाणी त्याच्या देवळाच्या खिडक्यांपर्यंत चढले, दारे उघडी होती, तरी आत एक थेंब शिरला नाही. चमत्कार माना किंवा नका मानू, पण पुराची आठवण दीड हजार वर्षे शहराने कुठे जपली ते यावरून कळते. आजची इमारत मुख्यतः १२ व्या शतकातली. दाराशी बायबलमधल्या प्रसंगांचे कोरीव दगड, मास्टर निकोलो आणि गुल्येल्मो यांच्या हातचे. वर शिल्पकार ब्रियोलोतोची गोल खिडकी, तिच्या कडेला नशिबाच्या चाकासारखी चढणारी-पडणारी माणसे. आणि आत ब्राँझच्या ४८ चौकटींचे दार. या चौकटी एका हातच्या नाहीत. काही जाड, ओबडधोबड, डोकी पत्र्यातून बाहेर आलेली; काही जास्त सफाईदार. दार मोठे केले तेव्हा जुन्या चौकटींत नव्या मिसळल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दहा मिनिटे तिथे घालवा. आत चित्रकार मांतेन्याचे चित्र आहे, १४५७ ते १४६० मधले. १७९७ मध्ये फ्रेंचांनी ते पॅरिसला नेले. मुख्य तीन फलक परत आले, खालची पट्टी फ्रान्समध्येच राहिली. इथे खाली दिसतात त्या प्रती.

नदीच्या जवळचे सान फेर्मो हे देऊळ मला त्याहून शिकवणारे वाटते. ही एकावर एक दोन देवळे आहेत. खालचे ११ व्या शतकातले बेनेडिक्टाइन साधूंचे, जाड खांबांचे, बुटके. वरचे फ्रान्सिस्कनांनी नंतर बांधलेले गॉथिक, उंच, त्याला उलट्या जहाजासारखे लाकडी छत. खालच्या देवळात पुराचे पाणी येत असे. १७५९ मध्ये संतांचे अवशेष खालून वर हलवले गेले ते याच त्रासापायी. खाली उतरलात की ओलसर थंडावा लागतो आणि नदी भिंतीपलीकडे किती जवळ आहे ते अंगाला कळते.

आता स्कालिजेरी घराणे. १२६२ ते १३८७ असे सव्वाशे वर्षे यांनी राज्य केले. यातला कांग्रांदे पहिला सगळ्यात गाजलेला. हद्दपार कवी दांतेला त्याने आसरा दिला आणि १३२९ मध्ये त्रेव्हिझो जिंकल्यावर चारच दिवसांत तो मेला. घराण्याच्या समाध्या एका लहान देवळाच्या अंगणात रस्त्यालगत आहेत, वर घोड्यांवर स्वार झालेले राजे. लोक वर बघतात, मी म्हणतो आधी भोवतीची लोखंडी जाळी बघा. घराण्याचे चिन्ह शिडी, आणि जाळीच्या प्रत्येक घरात छोटी शिडी. ती ओतीव नाही. कड्या एकमेकींत अडकवून केलेली आहे, त्यामुळे लोखंड असूनही झुलते. १४ व्या शतकातल्या लोहाराचे हे काम मी तरी वरच्या संगमरवरी मनोऱ्यांच्या वर ठेवेन.

याच घराण्यातल्या कांग्रांदे दुसऱ्याने १३५४ पासून नदीकाठी कास्तेलवेक्किओ हा किल्ला आणि त्याला लागून पूल बांधला. किल्ल्याचा रोख कुणाकडे आहे ते बघा. शहराच्या बाजूला खंदक, भिंत, बुरूज. धोका बाहेरच्या शत्रूपेक्षा गावकऱ्यांकडून जास्त वाटत होता. पूल त्याच हिशेबाने: गावात बंड झाले तर किल्ल्यातून थेट नदीपार, तिथून उत्तरेला, बायकोच्या माहेरच्यांच्या मुलखाकडे. घात मात्र घरातूनच झाला. १३५९ मध्ये सख्ख्या भावाने, कान्सिन्योरिओने, त्याला मारले. पूल मात्र असा झाला की बघत राहावे. तीन कमानी, किल्ल्याकडून पलीकडच्या काठाकडे लहान होत गेलेल्या. सगळ्यात मोठीचा गाळा सुमारे ४८.७ मीटर, त्या काळाच्या मानाने थक्क करणारा. खाली पाणी झेलायला पांढरा दगड, वर लाल वीट, आणि दोन्ही कडांना पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या चर्या. कठड्याच्या पायऱ्यांवर चढून चर्यांमधून नदी बघता येते.

मधला बराच काळ मी झरझर ओलांडतो. १४०५ मध्ये व्हेनिसचे राज्य आले. व्हेनिसने मिकेले सानमिकेली या व्हेरोनाच्याच वास्तुविशारदाकडून तोफांच्या काळाला साजेसे बुरूज आणि वेशी बांधून घेतल्या. पोर्ता नुओव्हा आणि पोर्ता पालिओ बघा, दगड मुद्दाम खडबडीत ठेवून ताकद दाखवायची त्याची रीत कळेल. लहानपणापासून अरेना आणि बोर्सारी बघत वाढलेला माणूस होता तो, त्याच्या वाड्यांच्या दर्शनी भागांत हे उतरले आहे. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे राज्य संपवले. मग १८०१ च्या ल्युनेव्हिलच्या तहाने कमालच केली: अदिजे हीच सरहद्द ठरली. उजवा काठ फ्रेंचांच्या ताब्यातल्या इटलीत, डावा काठ ऑस्ट्रियात. काही वर्षे एकाच शहरातले लोक पुलावरून परमुलखात जात होते. १८०५ मध्ये फ्रेंचांनी रस्त्याच्या आड येते म्हणून कास्तेलवेक्किओजवळची पहिल्या शतकातली गाव्ही घराण्याची कमान उतरवली. सुदैवाने दगड आणि मोजमापाची चित्रे टिकली, आणि १९३२ मध्ये ती किल्ल्याशेजारी नदीकाठच्या छोट्या बागेत पुन्हा उभी राहिली. आतल्या बाजूला बांधणाऱ्याची सही शोधा: लुकिउस व्हित्रुव्हिउस चेर्दो, मुक्त केलेला गुलाम. रोमन इमारतीवर बांधणाऱ्याचे नाव मिळणे फार दुर्मीळ. १८१४ नंतर पुन्हा ऑस्ट्रिया, भरपूर छावण्या आणि किल्ले, आणि १८६६ मध्ये शहर इटलीत आले.

त्यानंतर सोळा वर्षांनी, सप्टेंबर १८८२ मध्ये, महापूर आला, आणि आजच्या व्हेरोनाचा नदीकाठ कसा दिसतो हे त्या पुराने ठरवले. त्याआधीची चित्रे मिळाली तर बघा. घरे थेट पाण्यात उतरलेली, सज्जे नदीवर लोंबणारे, प्रवाहात नांगरलेल्या लाकडी तराफ्यांवर पिठाच्या चक्क्या, काठावर लोकर धुणारे आणि कातडी कमावणारे. डाव्या काठाजवळ नदीचा एक फाटा निघून पुढे परत मिळत होता, मधे बेट होते. पुरानंतर सरकारने दोन्ही काठांना उंच दगडी भिंती घातल्या, पाण्यालगतची घरांची रांग पाडली, तो फाटा बुजवला. त्या फाट्याचा आता रस्ता आहे, त्याचे नाव इंतेर्रातो देल्लाक्वा मोर्ता. बेट गेले, चक्क्या गेल्या. शहर वाचले हे खरे, पण ज्या नदीवर ते जगत होते तिच्याकडे त्याने पाठ फिरवली. आज भिंतीवरून खाली बघितले तर हिरवे पाणी जोरात पळताना दिसते, पण त्याच्यापाशी जायला वाट अशी फारशी नाही. जुन्या काठाची थोडी कल्पना यावी असे वाटत असेल तर सांतानास्तासिया या देवळाच्या मागच्या सोत्तोरीव्हा गल्लीत जा. ओवऱ्यांची बुटकी, वेड्यावाकड्या खांबांची रांग तिथे अजून आहे. पुढे १९३९ मध्ये सुरू होऊन १९५९ मध्ये पूर्ण झालेला सुमारे १० किलोमीटरचा बोगदाही आला: मोरीपासून तोर्बोलेपर्यंत, अदिजेचा पूर गार्दा तलावात सोडण्यासाठी. ऑक्टोबर २०१८ च्या वादळात तो उघडावा लागला होता.

आता पूल. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. २४-२५ एप्रिल १९४५ च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने व्हेरोनाचे पूल उडवले. स्कालिजेरी पूल, म्हणजे किल्ल्यालगतचा, गेला. पोंते पिएत्रा, म्हणजे रोमन दगडी पूल, त्याच्या पाच कमानींपैकी चार गेल्या. उरली ती उजव्या काठाची, तीही रोमन नव्हे, १२९८ मध्ये आल्बेर्तो देल्ला स्कालाने पुन्हा बांधलेली.

त्या वेळी स्मारकांचा अधिकारी होता पिएरो गात्सोला. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या: काँक्रीटचा नवा पूल, अवशेष तसेच ठेवणे, किंवा होता तसा पुन्हा. त्याने तिसरी धरली, पण डोळे मिटून नाही. नदीच्या तळातून दगड काढले, नोंदले, मापे घेतली, जुन्या फोटोंशी ताडून पाहिले आणि जो दगड जिथला असे ठरवता आले तो तिथे बसवला. वास्तुविशारद लिबेरो चेक्किनी त्याच्याबरोबर होता. स्कालिजेरी पूल १९४९ ते १९५१ मध्ये झाला, पोंते पिएत्रा १९५७ ते १९५९ मध्ये.

पोंते पिएत्रा बघायला डाव्या काठावर, पुलाच्या जरा खालच्या अंगाला उभे राहा. तुमच्या बाजूच्या दोन कमानी मोठ्या पांढऱ्या घडीव चिऱ्यांच्या, त्या रोमन. पुढच्या कमानींत वीट आणि दगड मिसळलेले, त्या मध्ययुगातल्या आणि व्हेनिसच्या काळातल्या दुरुस्त्या. म्हणजे १९५९ मध्ये उभा केलेला हा पूल स्वतःच्या सगळ्या जुन्या दुरुस्त्यांसकट उभा केला आहे. गात्सोलाला चारही कमानी शुद्ध रोमन करून टाकण्याचा मोह होऊ शकला असता. झाला नाही. चिऱ्यांच्या कडा बघा: काही तुटलेल्या, झिजलेल्या, काही धारदार. धारदार आहेत ते भरतीचे नवे दगड असण्याची शक्यता मोठी. कमानींच्या मधे खांबावर एक गोल भोक दिसेल. पूर चढला की पाण्याला वाट मिळावी आणि पुलावरचा दाब कमी व्हावा म्हणून ते ठेवले आहे.

हाच गात्सोला पुढे स्मारक-जतनाची तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक झाला आणि १९६५ मध्ये इकोमोस या स्मारक-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पहिला अध्यक्ष. आमच्या क्षेत्रात भारतातही पहिला धडा गिरवायचा तो या सनदेचा. तिचे म्हणणे, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि ती लिहिणाऱ्याच्या नावावर दोन अख्खे पुन्हा बांधलेले पूल! काही सोवळे लोक याला ढोंग म्हणतात. मला ते पटत नाही. दगड हाती होते, फोटो होते, मापे होती, आणि पाडणे ही काल-परवाची गोष्ट होती. अंदाजाला जागा फार थोडी होती. तोच न्याय शंभर वर्षांपूर्वी पडलेल्या आणि एकही चित्र नसलेल्या इमारतीला लावला तर मात्र ते नाटक होईल. आपल्याकडे 'होते तसे बांधू' म्हणत जी नवी कोरी तटबंदी उभी राहते, तिच्यापुढे हा फरक कुणीतरी ठेवायला हवा.

दुसरे टोक बघायचे तर कास्तेलवेक्किओच्या आतले संग्रहालय. यासाठी किमान तीन तास राखून ठेवा. १९२० च्या दशकात किल्ल्याचे संग्रहालय झाले तेव्हा अंगणाकडच्या साध्या लष्करी भिंतीवर गॉथिक खिडक्या आणि दारे बसवली गेली. ती आणली कुठून? १८८२ च्या पुरानंतर पाडलेल्या नदीकाठच्या एका वाड्याची, पालात्सो देई कामेर्लेंगीची. म्हणजे अस्सल जुने दगड, पण चुकीच्या जागी. १९५८ मध्ये वास्तुविशारद कार्लो स्कार्पा कामाला आला, संचालक लिचिस्को मागान्यातो त्याच्या पाठीशी. त्याने या खोट्या दर्शनी भागाचे काय केले हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. पाडला नाही आणि खरा असल्याचा आवही आणला नाही. खिडक्यांच्या नव्या चौकटी त्याने गॉथिक कमानींच्या मागे, थोड्या आत सरकवून, कमानींच्या आकाराशी न जुळणाऱ्या सरळ रेषांत बसवल्या. त्यामुळे जुनी भिंत पडद्यासारखी सुटी दिसते. बघणाऱ्याला कळते की हे सजावटीचे कातडे आहे, हाड मागे वेगळे आहे.

आत गेल्यावर फरशीच्या कडेला बघा. फरशी भिंतीला टेकत नाही, मधे बारीक खाच सोडली आहे. जुनी भिंत वाकडी, नवी फरशी सरळ. दोघांना बळेच जोडण्याऐवजी त्यांच्यात अंतर ठेवले. काम करणाऱ्याला ठाऊक असते की ही खाच सरळ राखणे किती कटकटीचे आहे. आणि मग टोकाला, जिथे शहराचा जुना तट आणि किल्ल्याचे भाग भेटतात, तिथे स्कार्पाने नंतरच्या काळातली बांधकामाची भर काढून टाकली, तट मोकळा केला, आणि त्या उघड्या फटीत उंचावर काँक्रीटच्या तुळईवर कांग्रांदेचा घोड्यावरचा मूळ पुतळा ठेवला. तो खालून दिसतो, पुलावरून दिसतो, वरून जवळून दिसतो. घोड्याच्या झुलीच्या घड्या आणि राजाचे ते चमत्कारिक हसू वरच्या पुलावरूनच नीट बघता येते. समाधीवर आता आहे ती प्रत.

ज्युलिएटचे घर? अंगणात गर्दी असते, भिंतीवर चिठ्ठ्या असतात. घर मध्ययुगीन आहे. सज्जा मात्र संग्रहालयांचा तेव्हाचा संचालक आंतोनिओ आवेना याने २० व्या शतकात, १९३० च्या दशकातल्या कामात, जुने कोरीव दगड वापरून लावलेला. आता तुम्हाला व्हेरोनाची रीत कळली आहे, त्यामुळे नाक मुरडायचे कारण नाही. फक्त गाव्ही कमान आणि हा सज्जा यांच्यात फरक काय, हा प्रश्न मनाला विचारून बघा. माझे उत्तर असे: कमान जिथली होती त्याच्याजवळ, मापाबरहुकूम परत आली. सज्जा कुठल्याच पुराव्याशिवाय एका नाटकासाठी आला. रांग मोठी असेल तर दाराबाहेरून वळा.

क्रम असा ठेवा. पहिल्या संध्याकाळी सान पिएत्रो टेकडी, उतरताना पायथ्याचे रोमन नाट्यगृह आणि पोंते पिएत्रा. नाट्यगृहावरची घरे १८३४ पासून आंद्रेआ मोंगा या व्यापाऱ्याने विकत घेऊन हटवली आणि पदरच्या पैशाने उत्खनन केले, म्हणून ते दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांतानास्तासिया, आत चित्रकार पिसानेल्लोचे सेंट जॉर्जचे भित्तिचित्र कमानीवर फार उंच आहे, दुर्बीण असेल तर न्या. मग समाध्या, एर्बे चौक, पोर्ता बोर्सारी, गाव्ही कमान, आणि दुपार पूर्ण कास्तेलवेक्किओला. तिसऱ्या दिवशी गाडी सुटायच्या आधी सान झेनो, वेळ उरला तर सान फेर्मो. देवळांची तिकिटे वेगवेगळी न घेता चार मोठ्या देवळांचे मिळून एक तिकीट असते ते घ्या. संग्रहालयांना सोमवारी सुट्टी असू शकते, त्यामुळे मुक्कामाचा वार ठरवण्याआधी वेळापत्रक तपासा, कारण कास्तेलवेक्किओ हुकले तर बाकीचे निम्मे समजायचे राहून जाईल.